डोकी एका रेषेत

ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती विश्रांतवाडीवरून. त्या दिवशी आळंदी रस्त्याच्या कडेला उभं राहून एवढंच बघा: रस्ता सपाट असेल, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक वारकऱ्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्याच रेषेत दिसतात. तो पाच पावलांवर असो की पाचशे. लांबच्या माणसाची पावलं तेवढी वर सरकतात, डोकं जागचं हलत नाही. शेजारी तुमच्या कमरेएवढी मुलगी उभी असेल, तर तिच्यासाठी हीच रेषा साऱ्या दिंडीच्या कमरेतून जाते. गर्दी एकच, पण दोघांची चित्रं वेगळी!

कागदावर मात्र आपण लांबची माणसं लहान करून एकावर एक चढवत जातो आणि दिंडी जिन्यावर उभी राहिल्यासारखी दिसते. हात चांगला असूनही हे होतं, कारण ‘मागचा तो वरचा’ हे मनाने आधीच ठरवलेलं असतं. म्हणून चित्राला हात घालताना डोळ्यांच्या उंचीची एक पुसट आडवी रेघ आधी मारावी.

तांब्याही याच नियमाने चालतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेतल्या वस्तुचित्रात हमखास दिसणारी चूक म्हणजे तांब्याचं तोंड गरगरीत गोल आणि बूड सरळ रेघेचं. तांब्याचं बूड टेबलावर सपाट टेकलंय हे आपल्याला ठाऊक असतं ना! प्रत्यक्षात तोंडाचा गोल डोळ्यांच्या पातळीला जवळ, म्हणून तो चपटा दिसतो. बूड पातळीपासून दूर, म्हणून त्याची कड जास्त वाकते. तांब्या हळूहळू डोळ्यांसमोर उचला. तोंडाचा गोल मिटत मिटत शेवटी नुसती रेघ उरते. मला तर हे दर वेळी नव्याने नवल वाटतं.

छायेतही असंच फसायला होतं. सगळ्यात गडद भाग अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेवर टेबलावरून परतलेला मंद उजेड पडतो. तेवढी जागा फिकी सोडली की तांब्या गोल होतो.

आणि गडदपणा आणायला जोर लावू नका. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, हिऱ्याचा सख्खा भाऊ, पण एकावर एक सैल थर असलेला. कागदाचे तंतू कानशीसारखे हे थर खरवडून घेतात. दाबून घासलं की तंतू चेपतात, पृष्ठभाग चकाकू लागतो आणि पुढचा थर बसतच नाही. त्यापेक्षा पेन्सिल बदला. १७९५ साली फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटच्या पुडीत चिकणमाती मिसळून भाजायची रीत काढली. माती जास्त असली की कठीण, फिकी ‘एच’. ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ, काळी ‘बी’. बाह्यरेषेला एचबी हलक्या हाताने, छायेला २बी, मग ४बी, थरावर थर. बोटाने पुसू नका, बोटाचं तेल कागदात मुरतं आणि डाग खोडरबरालाही दाद देत नाही.

वारीपर्यंत थांबायचं कशाला? आज संध्याकाळी विश्रांतवाडीच्या बसथांब्यावर उभे राहा. हात ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिल डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरा आणि समोरच्या रस्त्यावरची डोकी तिच्यावर येतात का ते बघा.