थंडावा टिकला तर लस टिकते



बेणे, खत, पाणी सोडून शेतकी विभागाने या वेळी लहान मुलांच्या लसीकरणावर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या करडी भागातील फडांवर तोडणीच्या टोळ्या उतरतात. कोयत्याबरोबर कोपीत तान्ही लेकरेही येतात. कोणाचा एखादा डोस गावीच राहिलेला असतो, तर कोणाला पुढचा डोस इथे मिळतो हेच ठाऊक नसते. आपल्या घरीसुद्धा कामाच्या घाईत "पुढच्या महिन्यात पाहू" असे होतेच. पण गोवर फडमालकाचे पोर आणि तोडकऱ्याचे पोर असा भेद करीत नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेली कितीतरी बालके आजारी पडली आणि काही दगावली. म्हणून हा विषय.

तोडलेला ऊस आणि लस

ऊस तोडल्यावर चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, हे आपण जाणतो. फडात पडून राहिला की वजन घटते, साखरेचे विघटन होते आणि उतारा खाली येतो. वरून पाहिले तर ऊस तसाच दिसतो. लसीचेही तसेच आहे. कारखान्यातून निघाल्यापासून बाळाच्या दंडात जाईपर्यंत तिला 2 ते 8 अंश सेल्सियस इतका थंडावा लागतो. वाटेत कुठे खंड पडला तर कुपी तशीच दिसते, पण आतला गुण गेलेला असतो. अशी लस टोचली तर आईला वाटते बाळ सुरक्षित झाले, आणि ते झालेले नसते. धोका आहे तो इथेच.

ही अडचण जुनी आहे. देवीची लस आपल्याकडे आणताना पहिला प्रश्न उन्हाचाच होता, कारण लांबच्या प्रवासात ती वाळून निकामी होई. तेव्हा एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी हातोहात ती बगदाद-बसऱ्याकडून मुंबईस आणावी लागली. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती दिली. हिंदुस्थानातील ती पहिली लस. आज माणसांच्या साखळीऐवजी थंडाव्याची साखळी आहे, इतकाच फरक. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उन्हाने बिघडते, गोठूनही बिघडते

पुष्कळांचा समज असा, की जितके थंड तितके चांगले. हे खरे नाही. पोलिओचे थेंब व गोवराची लस उष्णतेला फार नाजूक आहेत. उलट पेंटाव्हॅलेंट, धनुर्वात, कावीळ-ब, न्यूमोनियाची लस या गोठल्या की कायमच्या वाया जातात. पुन्हा वितळवून उपयोग नाही. थंडीच्या कडाक्यात भाजीचे रोप जळते, तसाच हा प्रकार समजा.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात घरगुती फ्रिज न वापरता वरून उघडणारी खास शीतपेटी असते. तिला आयएलआर म्हणतात. तिच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी ती थंडावा धरून ठेवते. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती खालीच राहते. आत थर्मामीटर असतो आणि दिवसातून दोनदा नोंद करावी लागते. या पेटीत पाण्याची बाटली, जेवणाचा डबा किंवा दुसरे औषध ठेवायचे नसते.

गावच्या सत्राला आरोग्यसेविका लसवाहक डब्यातून लस आणतात. डब्यात चार बर्फाच्या पट्ट्या असतात. त्या फ्रीझरमधून काढल्या काढल्या आत घालीत नाहीत. जरा बाहेर ठेवून, अंगावर पाणी सुटले आणि हलवल्यावर आत पाणी खळखळले, की मगच घालतात. नाहीतर शेजारची कुपी गोठते. डबा सावलीत असावा, झाकण लागेल तेव्हाच उघडावे.

कुपीवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरण्याजोगी. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होतो. तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला, की ती कुपी बाद. मात्र लस गोठली होती का, हे त्या खुणेवरून कळत नाही. मुदतीची तारीखही पाहावीच लागते.

टोचताना

बीसीजी व गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात असते. ती त्याच कंपनीने दिलेल्या द्रवात, तोही थंड केलेला, मिसळून चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली फेकायचीच. जास्त वेळ ठेवल्यास तिच्यात जंतू वाढतात, आणि तशी लस बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून कुपी फोडल्याची वेळ तिच्यावर लिहितात. सिरिंज एकदाच वापरता येईल अशी, आपोआप अडकणारी असते. प्रत्येक बाळाला नवी, आणि पाकीट आपल्यासमोर फोडलेले हवे.

कुपीवरचे नाव वाचणे किती जरूर आहे, हे यवतमाळ जिल्ह्यात दिसले. 31 जानेवारी 2021 च्या पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातील एका गावी 12 बालकांना पोलिओ थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले रुग्णालयात न्यावी लागली, सुदैवाने बरी झाली. तेव्हा "बाई, कोणती लस देता, जरा दाखवा" असे विचारण्यात अपमान कोणाचाच नाही. चांगली आरोग्यसेविका आपण होऊनच सांगते.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. क्वचित एखाद्याला तीव्र प्रतिक्रिया येते, तेव्हा औषध हाताशी हवे. घरी गेल्यावर एक-दोन दिवस ताप, दुखणे, किरकिर होते. आरोग्यसेविकेने सांगितल्या मात्रेत तापाचे औषध द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. टोचल्या जागी हळद, चुना, तेल लावू नये, चोळू नये. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहतो, त्याला घाबरू नये. झटका आला, श्वास लागला, बाळ सुस्त पडले, तर मात्र लगेच 108 ला फोन करावा.

केव्हा काय

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-ब. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी पेंटाव्हॅलेंट, पोलिओ आणि जुलाबाची रोटा लस. न्यूमोनियाची लस दीड व साडेतीन महिन्यांनी आणि नवव्या महिन्यात. गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत, त्याच वेळी त्रिगुणीचा बूस्टर. पुढे 5-6 वर्षांना पुन्हा त्रिगुणी, 10 व 16 व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प. साधी सर्दी, किरकोळ ताप असला तरी लस टळत नाही. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात नको, राहिला तिथून पुढे चालू करतात.

फडावरच्या लेकरांसाठी

सरकारी लस देशात कुठेही मोफत मिळते. कार्ड बीडचे असो की मध्य प्रदेशचे, बाळ आपल्या आरोग्य केंद्रात हक्काने लस घेऊ शकते. कार्ड हरवले तरी परत पाठवीत नाहीत. म्हणून आपणांस तीन विनंत्या आहेत. टोळी फडावर आली की मुकादमाला विचारून पाच वर्षांखालील मुलांची संख्या आशाताईंना कळवा. लसीकरणाच्या दिवशी त्या आयांना दोन तास मोकळीक द्या आणि त्यांची मजुरी कापली जाणार नाही, हे मुकादमाशी आधीच बोलून घ्या. टोळी परत निघताना प्रत्येकीच्या गाठोड्यात मुलाचे कार्ड आहे ना, तेवढे पाहा. आपला चिटबॉय पाळीची चिठ्ठी द्यायला फडावर येतोच, त्याच्याजवळ निरोप दिलात तरी गट कार्यालयातून आरोग्य केंद्राला कळवता येईल.

पोलिओ या देशातून असाच घरोघर जाऊन हटविला. 13 जानेवारी 2011 नंतर भारतात वन्य पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण आढळला नाही. वीटभट्टी, साखर कारखाना, पाल, कोपी अशा फिरत्या वस्त्या वगळल्या असत्या तर हे घडले नसते.

उसाच्या उताऱ्यासाठी आपण तासांचा हिशेब ठेवतो. लेकरांच्या बाबतीत तारखांचा तेवढा ठेवावा, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी