गोळी गेली गटारात!

तापात घेतलेली अँटिबायोटिकची गोळी घशाखाली उतरली की आपल्या दृष्टीने तिची गोष्ट संपते. आई पाण्याचा पेला उचलून नेते आणि आपण पुन्हा पांघरुणात शिरतो. पण गोळीचा प्रवास तर आत्ता कुठे सुरू झालेला असतो! पोटात ती विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते, रक्ताबरोबर अंगभर हिंडते, सापडतील त्या जिवाणूंना गारद करते आणि शेवटी मूत्रपिंडात पोचते. तिथून पुढे? तिथून पुढे शू!

गंमत अशी, की बरंचसं औषध आत गेलं तसंच्या तसंच बाहेर येतं. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक घ्या. तोंडाने घेतलेल्या गोळीतलं साधारण ४० ते ५० टक्के औषध लघवीतून धडधाकट बाहेर पडतं. रोगी बरा होऊन घरी जातो, औषध मात्र नळीतून गटारात जातं, जिवाणू मारायची आपली ताकद शाबूत ठेवून.

लघवीतल्या अशाच एका औषधाने एकदा डॉक्टरांना मोठा आधार दिला होता. १९४१ सालची गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी ह्या हॉस्पिटलात अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा एक पोलीस अंथरुणाला खिळला होता. चेहऱ्यावर, डोक्यावर गळवं उठलेली, एक डोळा गेलेला, जंतुसंसर्ग अंगभर पसरलेला. त्याच गावात हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांचे सहकारी पेनिसिलिन नावाचं नवंकोरं औषध तयार करत होते. बुरशीपासून ते इतकं थेंब थेंब मिळायचं, की रुग्णांच्या अंथरुणात ठेवायच्या शौचपात्रांतसुद्धा त्यांनी बुरशी वाढवून पाहिली! १२ फेब्रुवारीला अलेक्झांडरला पेनिसिलिन द्यायला सुरुवात झाली आणि एका दिवसात तो सुधारायला लागला. पण औषध संपत आलं. मग काय केलं असेल? त्याची लघवी गोळा करून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढायचं आणि तेच त्याला परत टोचायचं! तरीही औषध पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. त्यानंतर फ्लोरींनी औषध देण्यासाठी मुख्यतः लहान मुलं निवडली. का, सांगा बघू? लहान शरीराला औषध कमी लागतं म्हणून.

आता ऑक्सफर्डहून थेट उज्जैनला येऊ. महाकालाचं उज्जैन, क्षिप्रेकाठचं उज्जैन, आणि ग्वाल्हेरच्या आधीची आपल्या शिंद्यांची राजधानी. शहराबाहेर आगर रोडवर आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या विशाल दीवान, अशोक ताम्हणकर, व्ही. के. महाडिक ह्या मंडळींनी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या सेसिलिया स्टोल्सबी लुंडबोर्ग ह्यांच्याबरोबर अनेक वर्षं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला आहे : रोग्याला दिलेल्या अँटिबायोटिकचं पुढे होतं काय? (कॅरोलिन्स्का म्हणजे वैद्यकशास्त्राचं नोबेल कुणाला द्यायचं ते जिथे ठरतं, ती संस्था.) परदेशातल्या काही हॉस्पिटलांच्या सांडपाण्याचे आकडे होते, आपल्याकडचे मिळत नव्हते. म्हणून २०१० साली छापलेल्या अभ्यासात त्यांनी उज्जैनजवळच्या एका हॉस्पिटलात दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला. रोग्यांना कोणतं अँटिबायोटिक किती दिलं, ते हॉस्पिटलच्या नोंदींतून काढलं. आणि सांडपाण्यात किती उतरलं, ते मोजलं.

मोजलं म्हणणं सोपं आहे. पण हॉस्पिटलच्या गटाराचं पाणी दिवसभर बदलत असतं. आत्ता कुणी बादलीभर पाणी ओतलं, मग कपडे धुतले गेले, मग दहा मिनिटं नुसतीच धार. तुम्ही बरोबर अकराला जाऊन बाटली भरलीत, तर ती अकराच्या पाण्याची गोष्ट सांगेल, दिवसाची नाही. म्हणून पुढच्या अभ्यासासाठी ह्या मंडळींनी स्वतःच एक यंत्र तयार केलं, सांडपाण्याचा नमुना न थांबता गोळा करत राहणारं. मला विचाराल तर ह्या सगळ्या संशोधनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. बाजारात मिळेल त्यावर न थांबता आपल्या गटाराला लागेल तसं यंत्र घरच्या घरी बनवायचं!

मग दोन वर्षांत, दोन हॉस्पिटलांच्या सांडपाण्याच्या प्रत्येक तोंडाशी, २४-२४ तासांच्या ६ फेऱ्या झाल्या. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तिन्ही ऋतूंत. प्रत्येक फेरीचे आठ-आठ तासांचे तीन भाग, म्हणजे रात्रही सुटली नाही. शिवाय एकदम बाटली भरून घ्यायची जुनी पद्धतही जोडीला ठेवली, दोन्हींची तुलना करता यावी म्हणून.

आता त्या मळक्या पाण्यातून औषध हुडकायचं कसं? आधी पाणी गाळून घेतात. मग ते बोटाएवढ्या नळीतून हळूहळू सोडतात. नळीत एक खास भुकटी भरलेली असते. औषधाचे रेणू तिला चिकटून राहतात आणि पाणी पुढे निघून जातं. मग थोडंसं द्रावण घालून ते रेणू सोडवून घेतात आणि मोठ्या यंत्राकडे देतात. यंत्र रेणू वेगवेगळे करतं, त्यांचं वजन करतं, मग ते फोडतं आणि तुकड्यांचंही वजन करतं. प्रत्येक औषधाच्या तुकड्यांची वजनं ठरलेली असतात, त्यावरून ओळख पटते. हे यंत्र किती बारीक पाहतं? ५०० मिलिग्रॅमची एक गोळी १००० लिटरच्या टाकीत विरघळवली, तर प्रत्येक लिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम औषध येईल. तीच एक गोळी अशा हजार टाक्यांत वाटली, तर लिटरमागे जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. तेवढंही ह्या यंत्राच्या नजरेतून सुटत नाही.

त्यांनी शोधायला घेतलेल्या ८ औषधांपैकी ६ सांडपाण्यात सापडली. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं हिवाळ्यात सर्वांत जास्त, त्याखालोखाल पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सर्वांत कमी. दिवसाच्या अमुक वेळी जास्त आणि तमुक वेळी कमी, असा मात्र काही क्रम दिसला नाही. आणि बाटली भरून घेतलेल्या पाण्यात औषध जास्त दिसायचं, न थांबता गोळा केलेल्या पाण्यात कमी. म्हणजे नुसत्या बाटलीवर विसंबलं असतं तर आकडा चुकला असता. २०१३ साली हे सगळं छापून आलं.

बरं, गटारात औषध गेलं तर बिघडलं कुठे? गटारातले जंतू मेले तर बरंच की! पण तिथे औषध असतं अगदी थोडं, जेमतेम, बहुतेक जिवाणूंना मारायला न पुरणारं. अशा वेळी त्यांच्यातले जे थोडे चिवट असतात ते तगतात आणि तेच वाढतात. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. सोय नीट असेल तर एकाचे दोन व्हायला त्याला साधारण २० मिनिटं लागतात. आज दुपारी एक चिवट जिवाणू असेल, तर रात्रीपर्यंत किती होतील, वहीत मांडून बघा.

कोणता जिवाणू चिवट आणि कोणता नाही, हे ओळखायची परीक्षा बघायला फार सुंदर असते. मोठी माणसं म्हणतात ना, ‘कल्चरला दिलंय’, त्यातलाच हा भाग. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत अगार नावाची पारदर्शक, पिवळसर, थलथलीत जेली ओततात. तिच्यावर जिवाणू असलेलं पाणी कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखं फिरवतात. मग चिमट्याने कागदाच्या गोल चकत्या ठेवतात, प्रत्येक फक्त ६ मिलिमीटरची, प्रत्येकीत वेगळं अँटिबायोटिक भिनवलेलं. बशी ऊबदार पेटीत रात्रभर ठेवतात. सकाळी उघडून पाहावं, तर जेलीवर जिवाणूंची पांढुरकी साय धरलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळं उमटलेली असतात! तिथे औषध जिंकलं. तंत्रज्ञ पट्टी घेऊन ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. एखाद्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत साय आलेली असेल, तर समजायचं, की ह्या जिवाणूवर ते औषध चालत नाही. रिपोर्टवर त्या औषधापुढे ‘आर’ हे अक्षर पडतं, म्हणजे रेझिस्टंट.

उज्जैनमधल्या ३ ते १४ वर्षांच्या मुलांच्या शौचाच्या नमुन्यांतले ई. कोलायसुद्धा संशोधकांनी असेच तपासले. तुमच्याच वयाची मुलं! त्यांच्या पोटातही औषधांना न जुमानणारे ई. कोलाय निघाले. आणि जिवाणूंना चिवटपणा आपल्या पिल्लांनाच द्यावा लागतो असं नाही. त्यांच्यात डीएनएची लहान लहान कडी असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. वर्गात शेजारच्याला गणिताची वही उतरवून द्यावी, तसं एक जिवाणू दुसऱ्याला, कधीकधी तर दुसऱ्याच जातीच्या जिवाणूला, ह्या कड्याची नक्कल देऊन टाकतो. म्हणून पोटातला, गटारातला आणि नदीतला जिवाणू हे तीन निराळे विषय मानता येत नाहीत.

नदीपर्यंत जायलाच हवं होतं, आणि ही मंडळी गेली. क्षिप्रेवर तीन वर्षांचा अभ्यास आखला. क्षिप्रा ही सोपी नदी नाही. उन्हाळ्यात ती आटायची, म्हणून २०१४ मध्ये ओंकारेश्वरकडचं नर्मदेचं पाणी उपसून तिच्यात आणलं गेलं. २०१६ मध्ये ऐन एप्रिल-मेच्या उन्हात सिंहस्थ भरला आणि लाखो माणसं घाटांवर नाहली. इतकी माणसं एकाच पाण्यात उतरतात तेव्हा कुणाच्या पोटातला जिवाणू कुठे जातो, हा प्रश्न संशोधकांना पडणारच.

संशोधकांनी नुसतं पाणी नाही घेतलं, तळाचा गाळही उचलला. ह्यामागे मोठी हुशारी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली औषधं उन्हात तुटतात, पण मातीच्या कणांना घट्ट चिकटतातही. पाण्यावर ऊन पडतं, गाळात अंधार. म्हणजे वरचं पाणी तपासून ‘काही नाही’ म्हणावं आणि औषध खाली गाळात बसलेलं असावं, असं सहज होऊ शकतं. क्षिप्रेच्या पाण्यात सल्फामेथॉक्साझोल नावाचं अँटिबायोटिक सापडलं. पाण्यातून आणि गाळातून वेगळे काढलेले ई. कोलाय पुन्हा औषधांच्या परीक्षेला बसवले. दोन्हीकडच्या काही जिवाणूंनी औषधांना दाद दिली नाही, आणि चिवटपणा देणारी जनुकंही त्यांच्यात मिळाली.