मेथीची जुडी आणि विमानातली खुर्ची

मेथीची जुडी आणि विमानातली खुर्ची, दोन्ही नाशवंत. विमान सुटलं की रिकाम्या खुर्चीचं मोल शून्य. तरी मंडईत रात्री आठला जुडी स्वस्त होते आणि खुर्ची मात्र शेवटच्या दिवशी महागते.

विमानात १८० खुर्च्या असल्या तरी भाव एक नसतो. कंपनी भाड्याच्या पायऱ्या पाडते. खालच्या पायरीवर मोजक्या जागा. त्या विकल्या गेल्या की वरची पायरी उघडते. आधी येतो तो सुट्टीचा बेत आखणारा, भाव पाहून तारीख बदलणारा. शेवटी येतो तो उद्याच्या मीटिंगला निघालेला, किंवा गावाहून वाईट बातमीचा फोन आलेला. त्याला घासाघीस परवडत नाही, आणि वरच्या पायऱ्या राखून ठेवलेल्या असतात त्याच्यासाठीच.

पण पायऱ्या किती उंच, हे नुसतं अंतर ठरवत नाही. शेजारी किती टोपल्या आहेत, म्हणजे त्या मार्गावर किती कंपन्या उडतात, हेही ठरवतं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली आणि तिच्या मार्गांवर, श्रीनगर, लेह, पुण्याकडे, भाडी इतकी चढली की जूनमध्ये विमान वाहतूक मंत्र्यांनी कंपन्यांना बोलावून आवर घालायला सांगितलं.

मग नव्या टोपल्या का येत नाहीत? येतात, पण टिकत नाहीत. इंधन हा सर्वांत मोठा खर्च, त्यावर राज्यांचा व्हॅट; विमानं भाड्यानं घेतलेली, आणि ते भाडं डॉलरमध्ये. स्वस्त तिकिटांच्या चढाओढीत २०१२ ला किंगफिशर गेली, २०१९ ला जेट. आपण स्वस्तात उडालो, त्यातला काही भाग बँकांच्या बुडीत कर्जांतून आला, हे सहसा कोणी मोजत नाही. शिवाय विमानतळावर जागा हवी. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. सोयीच्या वेळा जुन्या कंपन्यांच्याच हातात.

आज देशांतर्गत शंभर प्रवाशांपैकी साठाहून अधिक इंडिगोचे. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम तिला पेलले नाहीत, हजारो उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या विमानांची भाडी अशी भडकली की सरकारला कमाल दर ठरवावे लागले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० च्या पुढे १८,०००. मुंबईतली जागेची अडचण सैल करू शकेल असा नवी मुंबईचा विमानतळ त्याच महिन्याच्या २५ तारखेला सुरू झाला. पहिल्या दिवशी तिथे अकासासारखी छोटी कंपनी होती, आणि इंडिगोही.