ठेका कोणाचा, नाव कोणाचे?

वैनगंगेच्या खोऱ्यातले लाखांदूर म्हणजे धानाचा मुलूख. धान घरात आले, दिवाळी आटोपली, की त्या बाजूला झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र रंगतात आणि पाठोपाठ लग्नसराई येते. वरातीत बँडवाल्याने ‘अलबेला’तल्या नाचाची चाल धरली, की पोक्त मामेमंडळीसुद्धा भगवानदादांसारखे हात हलवीत डुलू लागतात. हा ठेका भंडाऱ्याचा नव्हे, आणि मूळचा मुंबईचाही नव्हे. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात उतरला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला (नावावर जाऊ नका, हा गृहस्थ ट्रंपेट वाजवी!) आणि शांघाय गाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड. मायदेशी वर्णभेदाचे चटके सोसलेल्या या वादकांना इथे मान होता. त्यांच्याच सहवासात कुडचड्याचा फ्रँक फर्नांड जॅझ शिकला. मिकी कोरिया हा गोवेकर तर जन्माला आफ्रिकेतल्या मोंबासात आणि वाढला कराचीत. १९३९पासून वीसेक वर्षे त्याने ताजचा वाद्यवृंद सांभाळला.

गोवेकरच का? पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच व्हायोलिन आणि पाश्चात्य स्वरलिपी शिकवीत. पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाचघरांचे दिवे मंदावले, आणि ही मंडळी अधिकाधिक सिनेमाच्या स्टुडिओकडे वळली. तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणे. ती कागदावर उतरवून, कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवायचे हे ठरवून, तीस-चाळीस वादकांना एकदम चालते करायचे काम यांचे.

पुणतांब्याचे चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी या गुणाचे सोने केले. मराठी कानाचा हा माणूस, लावणीचा ठसका जाणणारा. पण क्यूबाचे बोंगो आणि माराका, अमेरिकेचा सॅक्सोफोन यांना त्याने बेधडक घरात घेतले. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये हळदोण्याचा अँतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट आपल्या वादकांसह झालरीचे सदरे घालून पडद्यावरही दिसतो. ही उसनवारी झाली, असे नाक मुरडणारे तेव्हाही होते. आमच्या मते, उसने आणलेले दही घरच्या दुधात विरजले, की ते घरचेच झाले.

डाचते ते निराळेच. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक. कागदावर रात्री जागवणाऱ्यांचे क्वचितच. चिक चॉकलेट १९६७त गेला. त्याचा ट्रंपेट घरोघरी पोचला होता, नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक होते.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत वाद्यवृंद उभारून भारतीय राग त्यांवर बांधले. पुढे ते अमेरिकेला गेले. परतल्यावर चित्रपटांकडे पुन्हा वळले नाहीत. व्हायोलिन शिकवलेल्या शिष्यांत प्यारेलाल होते. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर पडून एक नाव सांगतो ना? ते प्यारेलालांच्या या गुरुजींचे. गाणे देशभर झाले, आणि ज्यांच्या नावाचे ते, ते गुरुजी २०१२पर्यंत गोव्यात होते.