कथलाची साक्ष

लहानपणी आमच्या वडीगोद्रीत कल्हईवाला यायचा. खड्ड्यात कोळसे पेटवून भाता हलवायचा. पातेलं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गरकन फिरवला, की काळवंडलेलं पितळ आतून चांदीसारखं उजळायचं. त्या कांडीतल्या शंभर अणूंपैकी साधारण सहा ‘कथील-१२४’ जातीचे असतात, हे मला फार उशिरा कळलं. आणि जग मुळात उरलंच कसं, याची साक्ष हे सहा देऊ शकतील, हे तर त्याहून उशिरा.

विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळजवळ सारखंच होतं. दोन्ही भेटली की नाहीशी होतात, मागे प्रकाश राहतो. मग गोदावरी, तिच्या काठचा ऊस, आपण कुठून आलो? हिशेब असा लागतो, की सुमारे एक अब्ज जोड्यांमागे द्रव्याचा एखादाच कण जास्त होता. तेवढ्या शिलकीवर सगळा संसार! १९८६ मध्ये फुकुगिता आणि यानागिदा या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलं, की आरंभीच्या, न्यूट्रिनो नावाच्या कणांच्या अतिजड भावंडांच्या विघटनात पारडं द्रव्याकडे किंचित झुकलं असावं. या कल्पनेच्या सर्वांत प्रचलित रूपात न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असावा लागतो. ही शक्यता मायोराना या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच मांडली होती.

ते तपासायचं कसं? मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. वंदना नानल यांच्या पुढाकाराने ‘टिन-टिन’ हा प्रयोग आखला गेला, तो कथलावरच. कथील-१२४ च्या गाभ्यातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन झाले, तर त्याचं टेल्युरियम होतं आणि दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. एरवी त्यांच्यासोबत दोन प्रतिन्यूट्रिनो निघायला हवेत. ते निघालेच नाहीत, तर मायोराना खरे. म्हणजे प्रतिद्रव्याची परतफेड न करता दोन इलेक्ट्रॉन नव्याने जन्मले!

या घटनेची ऊब ओळखायला कथील विलक्षण थंड हवं. हेलियमच्या दोन जातींच्या मिश्रणावर चालणारं शीतयंत्र निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत उतरतं. तिथे कथलाची उष्णताधारणा इतकी घटते, की एका अणूच्या विघटनानेही तापमान मोजण्याइतकं हलावं. पण कथलाची एक खोड आहे: तेरा अंश सेल्सिअसखाली शुद्ध कथील हळूहळू राखाडी भुकटी होऊ लागतं. म्हणून त्यात थोडा बिस्मथ मिसळून पाहिला गेला. धातूचा स्वभाव सांभाळण्याची ही चिकाटी मला कल्हईवाल्याच्या हातातही दिसायची.

अवकाशातून येणाऱ्या कणांचा गलबला टाळायला अशा प्रयोगाला डोंगराखालची किंवा खोल खाणीतली जागा लागते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टाटा संस्थेच्याच सहभागाने १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो टिपले गेले. तमिळनाडूतल्या थेनीजवळच्या नव्या भूमिगत प्रयोगशाळेला २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण स्थानिक विरोध आणि परवानग्यांत काम अडकलं. या अडकण्याची मला मनापासून हळहळ वाटते.

जगात अजून कुणालाही हे विघटन खात्रीने दिसलेलं नाही. दिसलं, तर कथलात मोजलेल्या ऊर्जेच्या आलेखावर २.२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जागी एक छोटंसं टेकाड उभं राहील.