पळायचं, राखायचं की पाणी द्यायचं?

थंडी पडली रे पडली की पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत एक वेगळंच वारं शिरतं. कपाटातले शूज बाहेर निघतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या नावाने पहाटेचे अलार्म लागतात. (ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली.) बाल्कनीत मेथीचे ट्रे येतात. आणि दोन आठवड्यांत रडगाणं सुरू... ‘यार, टाइमच मॅनेज होत नाही!’

मंडळी, जरा साखऱ्याला चला. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. पळणं इथंही आहे, बागही आहे. फक्त या दोघांच्या मध्ये हरीण उभं आहे.

इकडची पोरं मेडलसाठी पळत नाहीत, भरतीसाठी पळतात. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. मुलांना त्यातले २० एकट्या १६०० मीटरला, बाकीचे १०० मीटर आणि गोळाफेकीला. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं तर वीसपैकी वीस, पुढे सेकंद वाढले की गुण घसरले. आपली हाफ मॅरेथॉन पाच मिनिटं लांबली तर फेसबुकवरचा फोटो तेवढाच राहतो. इथं पाच-दहा सेकंदांवर नोकरी अडते. साहजिकच सराव रोज हवा, तोही पहाटे.

पण पहाट हरणांचीही असते! काळविटांचा कळप उजाडताना आणि दिवस कलताना चरायला निघतो. सोयाबीन निघालेलं, माळावरचं गवत वाळलेलं, आणि समोर काय, तर नुकता वर आलेला कोवळा हरभरा. पेरणीनंतर महिनाभराने हरभऱ्याचे शेंडे शेतकरी स्वतःच खुडतो. फुटवे जास्त येतात, शिवाय घरात भाजी होते. हरणाला ‘पुरे’ म्हणता येत नाही, एवढाच फरक. रात्री रानडुकरं आणि रोही, पहाटे हरणं. म्हणजे जागलीला गेलेल्या पोराने गोधडी गुंडाळून नेमकं ज्या वेळी रस्त्यावर पळायचं, त्याच वेळी बांधावर उभं राहून डबा वाजवायचा.

मग शिकार का नाही करत? शहरातल्या कट्ट्यावर हा प्रश्न हमखास येतो. उत्तर सलमान खानला विचारा! १९९८ साली जोधपूरजवळच्या कांकाणीतलं काळवीट प्रकरण, त्यात कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१८ मध्ये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे किमान तीन वर्षं तुरुंग. पिकाची नासधूस करणाऱ्या रोही आणि रानडुकरांसाठी राज्याने २०१५ मध्ये परवानगीची वाट थोडी सोपी केली, पण काळविटाला ती लागू नाही. आणि तसंही, शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळला ज्याच्यासाठी अख्खं अभयारण्य राखलंय, त्याला आपल्या बांधावर गोळी घालणं काही पटत नाही.

हरणामागे पळून प्रॅक्टिस होईल असं वाटत असेल, तर तेही विसरा. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातं. उसेन बोल्ट त्याच्या सर्वांत वेगवान क्षणी ४४-४५ च्या आसपास होता. या काळविटाची बरोबरी करणारा चित्ता आपल्याकडून संपला, हे १९५२ मध्येच जाहीर झालं.

राहिले जुने-नवे जुगाड. बांधाभोवती साड्या, बुजगावणं, फटाके, सोलर बॅटरीवरचं झटका मशीन. झटका मशीन त्यातल्या त्यात कामाचं. मात्र कुंपणाच्या तारेत थेट लाइनची वीज सोडायची नाही म्हणजे नाही. तिथं हरणाआधी माणूस चिकटतो. नुकसान झालंच तर तीन दिवसांत वन विभागाकडे अर्ज, मग पंचनामा, मग भरपाई. घरातली शिकलेली मंडळी गावाबाहेर असली की नेमका हा अर्ज राहून जातो. फोटो, सातबारा, अर्ज... हे काम पुण्यात बसलेला भाऊ मोबाइलवरून सहज मार्गी लावू शकतो.

आणि बाग? ती बहुतेक आईच्या वाट्याला येते. न्हाणीच्या पाण्यावरची परसबाग, त्यात मेथी, पालक, मुळा, लसूण, कोथिंबीर. महिन्याभरात मेथी ताटात. जागलीवरून आलेला पोरगा दोन बादल्या पाणी घालतो आणि आडवा होतो. तिन्ही गोष्टींत त्यातल्या त्यात सोपी हीच, म्हणून ‘बॅलन्स’च्या गप्पांत तिचं नावही निघत नाही.

खरी ओढाताण झोपेची आहे. दोन घरांची शेतं लागून असतील तर पोरं पाळी लावतात. आज तू राख, उद्या मी. ज्याची रात्र मोकळी, त्याने पहाटे घड्याळ लावून १६०० मीटर मारायचं. जागलीवाल्याने संध्याकाळी कळप येण्याआधी हळूहळू पळून घ्यायचं. भरतीची जाहिरात आली की मात्र पाळी कोलमडते, कारण दोघांचाही फॉर्म भरलेला असतो. मग बांधावर वडील जातात, नाहीतर सुट्टीवर आलेला शहरी भाऊ.

तेव्हा या हिवाळ्यात गावी जाणार असाल, तर रनिंग शूज न्याच. सोबत एक चांगली बॅटरी, कानटोपी आणि चार रात्रींची रजा.