विश्लेषण : शत्रू आलाच नाही, होड्या मात्र गेल्या! बंगालमधील ‘दग्धभू’ धोरण काय होते?

शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून आपलेच धान्य, चारा, पूल नष्ट करत मागे हटायचे, याला ‘दग्धभू’ धोरण म्हणतात. १८१२मध्ये नेपोलियनविरुद्ध रशियाने ते वापरले. आपल्याकडे जानेवारी १७७९मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला तळेगावात दाणागोटा मिळाला नाही. माघार घेताना वडगावला तिला शरण यावे लागले. या यशकथा झाल्या. हिशेब चुकला तर काय होते, ते १९४२मध्ये बंगालने पाहिले.

होड्याच का?

मार्च १९४२मध्ये रंगून जपानने घेतले. आता पाळी बंगालच्या किनाऱ्याची, अशी ब्रिटिशांना धास्ती होती. तिथे रस्ते कमी, नद्या जास्त. म्हणजे शत्रू होड्यांतूनच पुढे सरकणार. म्हणून दहा किंवा अधिक माणसे बसतील अशा होड्या काढून घेण्याचा आदेश निघाला. सुमारे ४५ हजार होड्या जप्त वा नष्ट झाल्या. मिदनापूर, बाकरगंज आणि खुलना जिल्ह्यांतला ‘जादा’ तांदूळही सरकारने खरेदी करून हलवला. धोरणाचे सरकारी नाव ‘डिनायल’, म्हणजे शत्रूला वंचित ठेवणे. वंचित कोण राहिले, ते लवकरच दिसले.

फटका कोणाला?

त्या भागात होडी म्हणजे बैलगाडी आणि एसटी, दोन्ही. मच्छीमारांचा धंदा बसला, कुंभारांना माती आणता येईना, शेतकऱ्यांना नदीपलीकडचे शेत गाठता येईना. हलवलेला तांदूळ प्रांताच्या उत्पादनाच्या मानाने थोडाच होता, पण खरेदीच्या धांदलीने लोक घाबरले, भाव चढले. त्यात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद, युद्धकाळातील महागाई आणि ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला चक्रीवादळ. १९४३च्या दुष्काळाचे सगळे खापर या एका धोरणावर फोडता येणार नाही. पण जिथे धान्य पोहोचवायचे, तिथली वाहने आधीच मोडली होती. सरकारी चौकशी आयोगाने बळींचा अंदाज १५ लाख दिला. नंतरच्या काही अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. जपानी सैन्य बंगालच्या किनाऱ्यावर उतरलेच नाही.

आज कायदा काय सांगतो?

जीनिव्हा करारांचा १९७७चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल नागरिकांचे अन्न, पिके, पाणीसाठे नष्ट करण्यास मनाई करतो. मात्र कलम ५४मध्ये एक सवलत आहे : आक्रमणापासून स्वतःच्या भूमीचे रक्षण करणाऱ्या देशाला, अत्यंत निकडीची लष्करी गरज असल्यास, आपल्या ताब्यातील भागापुरती सूट मिळते. बंगालसारखा आदेश आज निघाला, तर वाद याच सवलतीवरून होईल. भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही.